रंगखात्यातले मुकादम

लग्न होऊन लालबागच्या त्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी नळावर मी शेजारच्या खोलीतल्या काकांचे हात पाहिले आणि मला वाटलं, या माणसाला काहीतरी रोग आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. नखं तर काळीच. मी परळच्या एका इस्पितळात लॅबमध्ये काम करते. आम्हाला माणसं आधी रोगाच्या बाजूने दिसतात. मी बादली घेऊन दोन पावलं मागे सरले. त्यांनी ते पाहिलं आणि आपली कळशी अर्धीच भरून बाजूला झाले.

"भर गो तू. हे उतरणारं नाही. तुला लागणारही नाही."

हात सोडले तर बाकी सगळा माणूस पांढरा होता. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोकं पांढरं. ज्याच्या घरातून दर आठवड्याला पिवळी, लाल, निळी, मातकट कापडं गॅलरीभर वाळत पडायची, त्याच्या स्वतःच्या अंगावर मी कधी रंगीत धागा पाहिला नाही. का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, "माझा झाला कोटा."

चाळीत सगळे त्यांना मुकादम म्हणत. मिलच्या रंगखात्यात ते जॉबर होते, पंधरा-वीस माणसं हाताखाली. मिल बंद पडली, चिमणी पाडली, त्या जागेवर काचेची उंच इमारत उभी राहिली, पण नाव राहिलं. मी त्यांना काका म्हणायचे.

मिल बंद झाल्यावर बरोबरीचे लोक वॉचमन झाले, कोणी गावी गेले, कोणी दारात बसून राहिले. काका गुजरातेत एका म्हाताऱ्या रंगाऱ्याकडे गेले आणि आठ महिने त्याच्याकडे राहून झाडापाल्याचे रंग शिकून आले. ज्याने उभी हयात मिलमध्ये रंग केला, तो माणूस चाळिशी उलटल्यावर पुन्हा पहिलीत बसला. परत आले ते दोन पोती, एक लाकडी दांडा आणि ती नीळ घेऊन.

नीळ म्हणजे गॅलरीच्या टोकाला ठेवलेलं एक जाड पिंप. त्यात गूळ, चुना आणि टाकळ्याचं शिजवलेलं बी घालून ते नीळ आंबवत. टाकळ्याची भाजी आमच्या चाळीत पावसाळ्यात घरोघरी होते, पण त्याच्या बियांवर रंग पोसतात हे कोणालाच माहीत नव्हतं. पिंपाला ते 'बाय' म्हणायचे. "बायचं पोट बिघडलंय आज." "बायला थंडी वाजते." जानेवारीत त्या पिंपाला गोधडी गुंडाळलेली असायची. आत बुडवलेलं कापड वर यायचं ते हिरवं. मग वारा लागला की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. आमची लेक लहान होती तेव्हा ते बघायला शाळेतून धावत यायची.

बायचा वास मात्र भयंकर होता. एकदा चाळीची मीटिंग भरली, विषय तोच. सगळ्यांनी आपापलं सांगून घेतलं. काका शांतपणे उभे राहिले. "गेली इतकी वर्षं ह्या गॅलरीत बोंबील सुकतात. मी कधी काय बोललो?" बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आणि मीटिंग तिथेच मोडली.

पहाटे उठून ते दादरच्या फुलबाजारात जायचे आणि फेकलेल्या झेंडूची पोती खांद्यावरून आणायचे. ज्यूसवाल्याकडून डाळिंबाच्या साली, भाजीवाल्याकडून कांद्याची टरफलं. लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या मुळ्या, त्या तीनदा उकळत: पहिलं पाणी गडद लाल, तिसरं फिकं गुलाबी. गणपतीच्या आधी कारखान्यांत मूर्तींवर फवाऱ्याने रंग मारायला लागले की ते त्या गल्लीतून जायचंच टाळत. लांबून वळसा घालून जात. नाकाला रुमाल लावून म्हणत, "माका तो वास नको." बायच्या वासात अख्खा दिवस बसणारा माणूस हे म्हणतो, याची आम्ही थट्टा करायचो.

त्यांची सगळ्यात विचित्र खोड म्हणजे रंग चाखायची. उकळलेलं पाणी निवलं की करंगळी बुडवून जिभेला लावायचे. डोळे मिटायचे. "तुरट आहे. हिरडा जास्त झाला." मी लॅबवाली. मला ते बघवत नसे.

"काका, हे काय चाटता? पोटात काय काय जात असेल."

"जो रंग जिभेवर ठेवता येत नाही, तो माणसाच्या अंगावर कशाला ठेवायचा?"

पुढे पुढे नाव झालं. पेडर रोडकडच्या, कुलाब्याच्या बायका गाडी खाली लावून तीन जिने चढून यायला लागल्या. काका त्यांनाही चाखायला लावत. वाटीत डाळिंबाचं पाणी पुढे करत आणि म्हणत, "आधी हे. मग कापड बघू." निम्म्या बायका तिथूनच परत जात. ज्या चाखत त्यांना ते स्टुलावर बसवून चहा द्यायचे. कुणी विचारलं, "रंग जाणार नाही ना?" तर म्हणत, "जाणार तर. तुम्ही नाही का जाणार?" एक डिझायनर मुलगी चाळीस ओढण्यांची ऑर्डर घेऊन आली, सोबत कापडाचा बोटभर तुकडा. अगदी हाच रंग हवा, चाळीसही एकसारख्या. काकांनी तो तुकडा उजेडात धरला, तिच्या हातात परत दिला. "एका रंगाचं हजारो वार कापड काढलंय मी. आता नाही."

माझ्याकडे त्यांनी केलेली एक सुती साडी होती, झेंडूची. पाच-सहा वर्षांत ती फिकी पडली. मी तक्रार केली. त्यांनी पदर हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "गेला कुठे? तू वापरलास." मला तेव्हा ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं होतं.

आता काकींबद्दल सांगायला हवं.

काकी म्हणजे काकांची बायको नव्हे. त्यांच्या धाकट्या भावाची. काकांनी लग्न केलं नाही. आधी भावाचं उरकू म्हणाले, मग स्वतःचं राहूनच गेलं. भाऊ त्यांच्याच हाताखाली रंगखात्यात होता, मी चाळीत येण्याच्या बऱ्याच आधी गेला. मूलबाळ नाही. एका खोलीत ही दोन माणसं राहिली. आत काकी, बाहेर गॅलरीत काकांची वळकटी.

काकी त्यांच्याशी बोलत नसत. एक शब्दही नाही. स्वयंपाक करायच्या, कपडे धुवायच्या, त्यांना ताप आला तर काढा करून उंबऱ्यावर ठेवायच्या. बोलायचं झालं तर मध्ये कोणीतरी लागायचं. बहुतेक वेळा मी, कारण आमची खोली लागून.

"तेंका सांग, जेवाण वाढलंय."

काका दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत. त्यांना ऐकू आलेलं असे. तरी मी सांगायचे. मग ते उठत.

मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई, थोरल्या दिराशी बोलायचं नाही अशी कोकणातली रीत असेल. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी बोलायची. नवरा गेला तेव्हापासून बंद." यापलीकडे त्याही काही सांगेनात.

दर वर्षी भावाच्या श्राद्धाच्या आधी काका एक साडी रंगवायचे. ती कोणाला दाखवायचे नाहीत. मी चोरून पाहिलेली एक अजून डोळ्यांसमोर आहे. पिकलेल्या कोकमाचा लाल, आणि काठाला नीळ, इतकी गडद की काळी वाटावी. ती घडी ते काकींच्या ट्रंकेवर ठेवून बाहेर येत. काकी ती उचलून ट्रंकेत टाकत आणि कुलूप लावत. अंगावर मात्र हिंदमाताच्या फुटपाथवरून आणलेल्या, रासायनिक रंगांच्या छापील साड्या. भडक जांभळ्या, पोपटी, राणी. त्यांच्या वयाला, त्यांच्या स्वभावाला कुठेच न शोभणाऱ्या. त्या रंगांत ही बाई त्यांच्यासमोरून दिवसभर ये-जा करायची आणि काका मान खाली घालून कापड पिळायचे. हा काय प्रकार आहे ते मला फार उशिरा कळलं.

कळलं ते एका रविवारी. काळ्या घोड्याजवळच्या एका कलादालनात त्यांची कापडं लावली होती आणि त्यांना चार शब्द बोलायला बोलावलं होतं. एकटे जायला तयार नव्हते म्हणून मी बरोबर गेले. ऐकायला पन्नासेक माणसं होती, सगळी चांगल्या घरची. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही निसर्गाकडे कसे वळलात?"

"मिल बंद झाली."

लोक हसले. तिलाही हसू आलं. "पण मग रासायनिक रंगच का नाही केलेत? ते तर तुम्हाला येत होते."

काकांनी माईक तोंडाशी धरला. मग म्हणाले, "भावाला विचारून सांगतो."

लोक पुन्हा हसले. काकांनी माईक टेबलावर ठेवला आणि खाली उतरून सरळ दाराकडे चालायला लागले. मी पर्स उचलून मागे धावले.

बसला गर्दी नव्हती. भायखळा आला. तेव्हा काकांनी खिडकीतून बाहेर बघतच विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये लघवी तपासतात ना?"

"हो. का?"

"माझ्या भावाची तिथेच तपासली होती."

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही. सिग्नलला बस थांबली की बोलायचे, सुरू झाली की गप्प. भावाच्या लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कामाला कुठे आहात. रंगखाता म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मूत्राशयाचा कर्करोग. त्यांच्याच खात्यातले आणखी दोघे तसेच गेले होते, पण तोवर कोणी दोन आणि दोन जोडून पाहिलं नव्हतं.

"हातमोजे होते," काका म्हणाले. "मिळायचे. पण मोज्यातून कापड कळत नाही. किती प्यायलंय, किती राहिलंय, ते हाताला कळावं लागतं. मी सगळ्यांना काढायला लावायचो. तो नवीन होता तेव्हा मी स्वतः त्याच्या हातातले मोजे ओढून काढले. म्हटलं, मुकादमाचा भाऊ आणि मोजे घालतो?"

सिग्नलला बस पुन्हा थांबली.

"गिरगावात एका छापखान्यात त्याचं काम ठरलं होतं. पहिल्या तारखेपासून ये म्हणाले होते. दुखणं यायच्या खूप आधी. मी म्हटलं, कायम व्हायला आठ महिने राहिलेत, तेवढं होऊ दे, मग जा कुठे जायचं तिथे. तो थांबला. कायम झाला. मग कशाला जातोय?" बस लालबागच्या पुलाखाली आली होती. "मी हे त्याला सांगत होतो तेव्हा ती दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं."

"म्हणून त्या बोलत नाहीत?"

"कशी बोलेल?" ते उठून उभे राहिले. "चल, स्टॉप आला."

त्यानंतर मला त्यांचं करंगळी बुडवणं बघवेना, आणि त्याला हसणंही जमेना. काकी पोपटी साडी नेसून दारात आल्या की माझी मान खाली जाई.

चारेक वर्षं गेली असतील. एका शनिवारी दुपारी काका माझ्या दाराशी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक छोटी बाटली.

"सोमवारी कामावर जाताना घेऊन जा."

मी कागद सोडला. त्यांनी माझ्याकडे न बघता, कापडाविषयी बोलावं तसं सांगितलं, "मंजिष्ठेचं तिसरं पाणी. गेला महिनाभर पहिलं यायचं अधूनमधून, मी लक्ष दिलं नाही. आता फिकं झालंय, पण रोज येतं."

"सोमवार कशाला? मी आत्ता नेते."

"दुपारचं जेव आधी."

मी जेवले नाही. लॅबमध्ये त्या दिवशी दुसरी मुलगी ड्यूटीवर होती. तिला बाजूला करून मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. असे नमुने मी रोज बघते. नाव नसतं, नंबर असतो. तेवढ्यावरून काही पक्कं सांगता येत नाही, पुढच्या तपासण्या लागतात, हे मी त्यांना संध्याकाळी समजावून सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस."

पण त्याआधीच, मी लॅबमधून घरी परतले तेव्हा, काकी जिन्यात उभ्या होत्या, कठड्याला धरून.

"माका काय सांगा नको," त्या म्हणाल्या. "मोरयेत बघलंय मी. आमच्या ह्यांचो पण असोच रंग हुतो."

मला वाटलं आता तरी ही बाई बोलेल. त्या आत गेल्या, कूकर लावला आणि थोड्या वेळाने हाक मारली, "तेंका सांग, जेवाण वाढलंय."

डॉक्टरांनी काकांनाही तोच पहिला प्रश्न विचारला. काकांनी उत्तर दिलं, "रंगखाता. पंचवीस वर्षं." आणि वर म्हणाले, "उशीर झाला यायला." ते दुखण्याबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, ते कळलं नाही. दोनदा दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. तिसऱ्या वेळी मूत्राशयच काढायला हवं म्हणाले, त्याला काकांनी नकार दिला. मी भांडले, माझे यजमान भांडले. ते ऐकून घेत आणि वेगळंच काहीतरी विचारत. यंदा टाकळा आला का बाजारात?

दुसऱ्यांदा इस्पितळात गेले तेव्हा बायची जबाबदारी माझ्यावर होती. रोज सकाळी दांड्याने हलक्या हाताने ढवळायचं, दर तिसऱ्या दिवशी गूळ, चुना बोटाच्या पेराएवढा. मी सगळं लिहून घेतलं होतं आणि सगळं तसंच केलं. तरीही ते परत आले, झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण ठेवून दिलं.

"गेली."

"माझं काहीतरी चुकलं, काका."

"तुझं काय चुकतंय? तिला माझ्या हाताची सवय." मग आत जाऊन बसले. त्या आठवड्यात यजमानांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून ते पिंप गटारात ओतलं. काका बघायला बाहेर आले नाहीत. दुसरी नीळ त्यांनी लावली नाही.

पुढे नळी लावावी लागली, पायाला बांधलेली पिशवी. मी वॉर्डातल्या सिस्टरांकडून शिकून घेतलं आणि सकाळी कामावर जाताना, संध्याकाळी आल्यावर पिशवी रिकामी करायचे. काकांना याची फार लाज वाटे. मी आले की भिंतीकडे तोंड करत. आता त्यांना आतच खाटेवर ठेवलं होतं. काकी स्वयंपाकाच्या कट्ट्याशी, त्यांच्याकडे पाठ करून. एवढ्याशा खोलीत त्या पाठीशिवाय बघायला दुसरं काही नव्हतं.

एके दिवशी लॅबमध्ये काम वाढलं आणि मला यायला दीड तास उशीर झाला. जिन्यातूनच मला काकांचा आवाज आला, चढलेला, जसा मी कधी ऐकला नव्हता. दारात पोचले तर पिशवी तुडुंब भरलेली, ते स्वतःच सोडायचा प्रयत्न करत होते, चादर भिजली होती. काकी जमिनीवर त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. काकांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "हिला सांग, नको म्हणून. हिला सांग गो."

मी तोंड उघडणार तोच काकी बोलल्या. माझ्याशी नाही.

"भावजी, हात बाजूक करा."

काकांचा हात तसाच राहिला, धरलेला. मग त्यांनी तो उचलून छातीवर ठेवला. काकींनी पिशवीची कळ सोडली, भांडं लावलं, पिशवी रिकामी केली, ओल्या फडक्याने पाय पुसला. सराईत हात होते. एकदा केलेलं काम हात विसरत नाहीत. भांडं घेऊन त्या मोरीकडे गेल्या. काका छताकडे बघत होते, आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत जात होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मी दारातूनच परतले.

त्यानंतर अडीच महिने ते होते. त्या अडीच महिन्यांत ती दोघं बोलली. मी भिंतीपलीकडून ऐकायचे, कान देऊन नाही, पण चाळीत ऐकू येतंच. काय बोलायची? गावच्या मळ्यातली वाट कोणी बुजवली. कोणाची कोण मुंबईत दिली. आमसुलं यंदा कमी टाकली. सव्वीस वर्षांचं साचलेलं बोलणं असेल असं मला वाटलं होतं, तर ते एवढंच होतं. कधी कधी काकी हसल्याचाही आवाज यायचा.

एकदा मी पेज घेऊन गेले होते. काकी त्यांना चमच्याने भरवत होत्या. काका मध्येच म्हणाले, "त्याला मी थांबवला. तू ऐकलंस तेव्हा. मला माफ कर."

काकींचा चमचा वाटीत थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. त्यांचे ओठ हलले. मला खात्री होती की त्या काहीतरी म्हणणार आहेत.

"पेज घेवा," त्या म्हणाल्या. "गार होता."

काकांनी तोंड उघडलं. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. नऊ दिवसांनी, सकाळी पाणी यायच्या वेळेला, ते गेले. हातांवरचा निळा रंग इतक्या महिन्यांत उतरला होता. आंघोळ घालताना मला ते हात ओळखूच येईनात. साध्या म्हाताऱ्या माणसाचे हात.

कापडं बघायला, विचारपूस करायला त्या दालनातली माणसं आली. काकींनी त्यांना काय हवं ते नेऊ दिलं. तेरावं झालं, गावची माणसं परत गेली. एक दिवस मला सुट्टी होती. काकी दारात ताट घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही दोघी खडे वेचत होतो.

मी म्हटलं, "काकी, एक विचारू? त्यांनी माफी मागितली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. मनातून अजून राग होता का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आमच्या ह्यांका भावजींनी रव, जाव नको म्हणान सांगितल्यानी, ता खरा," त्या म्हणाल्या. "मी दाराआड हुतंय. पण भावजींनी सांगूच्या आदी मी सांगितलंय हुतंय. दोन दीस आदी. म्हटलंय, छापखानो बिपखानो नको. मिलवाल्याची बायको म्हणान माका हयसर दिली, आता गावात काय सांगू? मी रडलंय. जेवूक नाय. तेवा ते म्हणाले, बरा, नाय जाणा. भावजींनी विचारल्यानी तेवा तेंचा ठरलाच हुता."

माझे हात ताटात तसेच राहिले.

"मग हे काकांना..."

"कसा सांगू? भावजींका वाटला, आपल्यामुळे. मी म्हटलंय, वाटू दे. कोणाक तरी वाटूक होया हुता." त्यांनी एक खडा नखाने बाजूला केला. "बोललंय असतंय, तर पयला ह्याच सांगूचा लागला असता. म्हणान बोललंय नाय."

सव्वीस वर्षं. रोजचं जेवण, रोजचं "तेंका सांग". आणि गॅलरीत वाकून कापड पिळणारा तो माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या एवढ्याशा दिसत होत्या, जांभळ्या छापील साडीत.

खाली कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याची शिट्टी वाजत राहिली. ती थांबल्यावर काकींनी विचारलं, "तुका काय वाटता? तेंका कळला असात? शेवटाक?"

"कळलं असेल, काकी. त्यांना सगळं कळायचं."

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्यांच्यासाठी खोटं बोलले, ते त्यांना दिसलं असावं.

"नाय," त्या म्हणाल्या. "तेंका कळूक नाय."

आणि त्यांनी ताट आपल्याकडे ओढून घेतलं.